गाण्यांच्या सिनेमाचा दुसरा भाग

आमचं घर झाशीत, खंडेराव गेटच्या आतल्या अंगाला होतं आणि घराच्या भिंतीला लागून पिठाची चक्की होती. सकाळी चक्की सुरू झाली की फडताळातल्या पितळी वाट्या बारीक थरथरायला लागायच्या. त्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय आम्हा सगळ्यांना लागली होती, त्यामुळे नव्या पाहुण्याला वाटायचं, या घरात सदा भांडणं चालू असतात. भांडणं नसायची. अण्णा कचेरीत कारकून होते. पूजा आटोपून, वरणभात आणि पोळी खाऊन सायकलवर निघायचे. आई दिवसभर घरात. तिच्या हातची कढी इथल्यासारखी, पकोड्यांची असायची, आणि आमटीत मात्र गोडा मसाला; दोन्ही एकाच जेवणात पानात यायच्या आणि त्यात काही विचित्र आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. मराठी उंबऱ्याच्या आत, हिंदी उंबऱ्याच्या बाहेर. माझी नात आता मराठी समजते, पण उत्तर हिंदीत देते. हे कोणत्या भाषेत लिहावं याचा मी बराच विचार केला, आणि ताई माझ्याशी ज्या भाषेत बोलायची त्याच भाषेत लिहायला बसले.

कुमुदताई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. ती गायची. शिकलेली नव्हती, पण रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तिला दुसऱ्या दिवशी पाठ असायचं, मधल्या सतारीच्या तुकड्यासकट. भाजी निवडताना, न्हाणीघरात, गच्चीवर पापड वाळत घालताना तिचं चाललेलं असायचं. शेजारच्या मिश्राइन चाची भिंतीपलीकडून सांगायच्या, "बिन्नू, वो वारो गाओ, कल वारो." आणि ताई ते गायची. चाचींचं आमच्याकडे रोजचं येणं-जाणं होतं. आईचं हिंदी अडखळत चालायचं, चाचींना मराठीचं अक्षर येत नव्हतं, तरी दोघी दुपारभर बोलत बसायच्या.

त्या सुमारास तो सिनेमा आला. त्याचं नाव लिहीत नाही. आम्ही सगळे त्याला गाण्यांचा सिनेमाच म्हणायचो. त्यात एकही नवं गाणं नव्हतं. मागच्या पंधरा-वीस वर्षांत लोकांच्या तोंडी बसलेली गाणी कुणीतरी गोळा केली होती आणि ती ओवायला एक गोष्ट रचली होती. रेडिओ दुरुस्त करणारा तरुण, त्याच्या दुकानासमोर राहणारी गाणारी मुलगी, घरच्यांचा विरोध आणि शेवटी लग्न. गोष्टीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. गाणं सुरू व्हायच्या आधीच सबंध हॉल गायला लागायचा. खालच्या वर्गातून चिल्लर पडद्यावर फेकली जायची, लोक उठून नाचायचे, आणि गाणं संपलं की इतकी ओरड व्हायची की मशीनवाला रीळ मागे घेऊन तेच गाणं पुन्हा लावायचा. सिनेमा महिनेच्या महिने झाशीत मुक्काम ठोकून होता. ताईने तो किती वेळा पाहिला कोण जाणे. एकदा बाल्कनीत ती इतकी मोकळी गायली की पुढच्या रांगेतल्या बायका पडद्याकडे पाठ करून तिच्याकडे बघत बसल्या. अण्णांनासुद्धा त्या दिवशी कौतुक वाटलं होतं. घरी येताना त्यांनी आम्हाला जिलेबी खाऊ घातली.

पुढच्याच वर्षी ताईचं लग्न झालं. मुलगा ग्वाल्हेरचा, बँकेत नोकरीला, वसंतराव नाव. आमच्यासारख्या इथे रुजलेल्या मराठी घरांच्या सोयरिकी झाशी, ग्वाल्हेर, सागर एवढ्यातच फिरायच्या. सगळे सगळ्यांना ओळखायचे. वसंतराव दिसायला देखणे, बोलायला मवाळ. लग्नात ताईला गायला सांगितलं तेव्हा तेही हसून ऐकत होते.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ताई एकटीच गाडीत बसून घरी आली. हातात एक पिशवी, डोक्याला शाल घट्ट गुंडाळलेली. कान फुटला आहे, म्हणाली, थंडीने. डाव्या कानात कापसाचा बोळा होता आणि त्याला वास येत होता. आईने लसूण घालून तेल तापवलं. ताई आठवडा राहिली, दुसरा आठवडा राहिली, आणि परत जायचं नाव काढीना. गायचीही नाही. चाचींनी भिंतीपलीकडून हाक मारली की ऐकलंच नाही असं करायची. निदान आम्हाला तसं वाटायचं.

मग ग्वाल्हेरहून काकासाहेब आले, वसंतरावांचे चुलते. पांढरं स्वच्छ धोतर, हातात गजकचे, म्हणजे तिथल्या तिळाच्या मिठाईचे, दोन डबे. त्यांचा राग करणं कठीण होतं. ते आईशी अदबीने बोलायचे, माझा अभ्यास घ्यायचे, जेवण झालं की स्वतःचं ताट उचलायचे. संध्याकाळी ते आणि अण्णा फिरायला जायचे आणि बऱ्याच वेळाने परतायचे. ते कशाला आले आहेत हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण तो विषय ताईसमोर कुणी काढत नव्हतं. काढायची सुरुवात कशी करावी हेच कुणाला सुचत नसावं.

नेमका तेव्हाच गाण्यांच्या सिनेमाचा दुसरा भाग झाशीला लागला. टांग्यावर भोंगा लावून माणूस गल्लोगल्ली ओरडत फिरत होता: वही जोड़ी, वही गाने, शादी के बाद की कहानी. गल्लीतल्या बायकांनी आधीच ठरवून टाकलं होतं. काकासाहेब म्हणाले, "चला, मी नेतो सगळ्यांना. पोरीचं मन जरा रमेल." तिकिटं त्यांनीच आणली. दुपारचा खेळ होता. मिश्राइन चाचीही आमच्याबरोबर होत्या, पदरात भाजलेले चणे बांधून.

बाल्कनीत ताईने मला विचारलं, "सुधा, मी भिंतीकडे बसू?" ती अगदी कडेच्या खुर्चीत बसली, डावा कान भिंतीकडे करून. तिच्या उजवीकडे मी, मग आई, मग चाची, अण्णा आणि काकासाहेब. बाहेर पडायची वाट काकासाहेबांच्या पलीकडून होती.

पहिला अर्धा तास लोक खुशीत होते. जोडी पडद्यावर आली तेव्हा शिट्ट्या झाल्या. पण चांगली गाणी पहिल्या भागात वापरून झाली होती, उरली ती रडकी. त्यांचे शब्दही कुणाला धड येत नव्हते. खालून ओरड सुरू झाली, "गाना लगाओ, गाना." कुणी मुद्दाम पहिल्या भागातलं गाणं मोठ्याने म्हणायला लागलं आणि त्याला दहाजणांनी साथ दिली. चाची माझ्या आईला म्हणाल्या, "पैलें जैसो मजा नइयाँ." गोष्टही बदलली होती. आता ती मुलगी सासरी होती. रेडिओवाल्याचा धंदा बसला होता, आणि तिला मात्र मैफलीत गायला बोलावणी येत होती. एका मैफलीहून ती घरी येते, दारात तो उभा असतो, आणि काही न बोलता तिच्या कानशिलात मारतो.

तो आवाज सिनेमात मारतात तसा, खोटा, मोठा होता. खालून शिट्ट्या सुरू झाल्या. इतका वेळ कंटाळलेले लोक जागे झाले. "एक और," कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले. वरती बाल्कनीत बायकाही पदर तोंडाला लावून हसत होत्या. चाची म्हणाल्या, "भौत उड़ रई ती." म्हणजे, ती मुलगी फारच हवेत उडत होती. चाची वाईट बाई नव्हत्या. मी हे वयाच्या सत्तरीत लिहिते आहे, आणि तेव्हा हसलेल्यांपैकी कुणी वाईट होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

ताईचा हात डाव्या कानावर गेला होता. शिट्ट्या थांबल्या तरी तो तिथेच होता. मी तिच्याकडे बघत होते, आणि माझ्या डोक्यावरून आई तिच्याकडे बघत होती.

मध्यंतरात अण्णा आणि काकासाहेब चहाला गेले. चाची ओळखीच्या बायकांत जाऊन बसल्या. आई ताईच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "कुमुद, या कानाने ऐकू येतं का तुला?"

ताईने मान हलवली. "नाही."

"थंडीने नाही ना फुटला?"

"आई, इथे नको."

दिवे मालवले. आई जागेवर बसली. मला वाटलं, आता घरी गेल्यावर बोलतील.

दुसऱ्या अर्ध्यात पडद्यावरची मुलगी माहेरी येऊन राहते. तिची आई तिला जेवायला वाढते पण तिच्याकडे बघत नाही. वडील देवळात जाऊन बसतात. खालचे लोक पुन्हा कुरकुरायला लागले. मग एके दिवशी तिला कळतं की नवरा आजारी आहे, आणि ती पावसात धावत त्याच्या दारात जाते, पायरीवर डोकं टेकवते. त्या क्षणी पहिल्या भागातलं सगळ्यात लाडकं गाणं सुरू झालं, ज्याची लोक सुरुवातीपासून वाट बघत होते. सिनेमावाल्यांनी ते शेवटासाठी राखून ठेवलं होतं. हॉल उसळला. चिल्लर खणखणायला लागली, लोक उभे राहिले, टाळ्यांचा ठेका धरून गायला लागले. बाल्कनीतल्या बायका रडत होत्या आणि गात होत्या. चाची डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या. अण्णाही. अण्णांचे गाल ओले झालेले मी पडद्याच्या उजेडात पाहिले.

आई उठली. माझ्या अंगावरून हात लांब करून तिने ताईचं मनगट धरलं. "ऊठ."

आम्ही तिघी लोकांच्या गुडघ्यांवरून, चपलांवरून बाहेर निघालो. मागचे ओरडायला लागले, "बैठ जाओ माताजी, परदा छोड़ो." कुणीतरी शेंगांची टरफलं भिरकावली, ती माझ्या केसांत अडकली. अण्णांनी आईचा पदर ओढला. "अगं, काय करतेस? बस खाली. लोक बघताहेत." आईने पदर सोडवून घेतला. काकासाहेबांनी मात्र पाय बाजूला घेऊन आम्हाला वाट करून दिली.

बाहेर लख्ख ऊन होतं. आई आयुष्यात एकटी कुठे गेली असेल तर लक्ष्मी तालावर, तलावाकाठच्या महालक्ष्मीच्या देवळात, दर शुक्रवारी. तिने टांगेवाल्याला तेच नाव सांगितलं. देवळाच्या पायऱ्यांवर त्या वेळी कुणी नव्हतं. खाली पाण्यात म्हशी बसल्या होत्या.

"सांग," आई म्हणाली.

ताईने पाण्याकडे बघतच सांगितलं. "दिवाळीत यांचे साहेब जेवायला आले होते. मी आत पुऱ्या तळत होते, तळता तळता गुणगुणत होते. बाहेर ऐकू गेलं. साहेब म्हणाले, वहिनी छान गातात. ते गेल्यावर हे आत आले." ती थांबली. "नंतर रडले, आई. माझे पाय धरले. कान वाहायला लागला तेव्हा स्वतः तेल सोडलं."

"एकदाच मारलं?"

"कानावर एकदाच."

आईने तिच्या कानाशी आलेले केस मागे सारले. मग म्हणाली, "तू जायचं नाहीस."

"आणि हिचं?" ताईने माझ्याकडे हात केला. "आपली घरं ती किती. उद्या हिला कोण करून घेईल?"

"ते मी बघेन."

मला त्या वेळी माझ्या लग्नाची लाज वाटली, अजून न झालेल्या.

घरी पोचलो तेव्हा अण्णा आणि काकासाहेब ओसरीवर चहा घेत होते. काकासाहेब उठून उभे राहिले. "विहीणबाई, शेवट चुकला तुमचा. फार सुंदर झाला. सगळा हॉल उभा राहिला होता." ते हे टोचून बोलत नव्हते. त्यांना खरंच हळहळ वाटत होती. मग हळूच म्हणाले, "एवढी माणसं काही वेडी नाहीत. काय योग्य, ते लोकांना आतून कळतं."

"मी हिला पाठवणार नाही," आई म्हणाली. अण्णांकडे वळून म्हणाली, "हिचा डावा कान गेलाय. कायमचा."

अण्णांनी कपबशी खाली ठेवली. "मी कुठे नाही म्हणतो? आपण डॉक्टरला दाखवू. रागाच्या भरात एखाद्याचा हात उठतो, त्याचं एवढं..."

"हात?" आई म्हणाली. "मी फक्त कान म्हणाले."

चक्की चालू होती, पण ते वाक्य सगळ्यांनी ऐकलं. अण्णा जमिनीकडे बघत राहिले. काकासाहेब म्हणाले, "मीच सांगितलं त्यांना, आलो त्याच दिवशी. लपवायचं कशाला? वसंता पस्तावलाय. मी हमी देतो."

आई काही बोलणार तोच ताई मधे आली. तिने कपबश्या उचलल्या आणि म्हणाली, "मी जाते उद्या काकासाहेबांबरोबर. आई, तू आता कुणाशी भांडू नकोस." आणि ती मोरीत कपबश्या विसळायला बसली. आई तिच्या मागे गेली, तिच्याशी बोलली, तिच्यापुढे रडली. ताईने नुसतं, "जाऊ दे ना," एवढंच म्हटलं. ती का गेली? माझ्यासाठी गेली असं मी बरीच वर्षं समजत होते. आता वाटतं, अण्णांना सगळं ठाऊक होतं हे कळल्यावर तिला त्या घरात राहावंसं वाटलं नसेल. खरं काय ते विचारायला ती राहिली नाही.

सकाळच्या गाडीने ती गेली. आईने बेसनाचे लाडू दिले, आणि कापसाचं एक पुडकं.

गल्लीत महिनाभर सिनेमाचीच चर्चा. सुरुवातीला कंटाळा येतो पण शेवट बघाच, असं जो तो दुसऱ्याला सांगायचा. दुसऱ्या भागालाही गर्दी होऊ लागली. चाचींनी तो पुन्हा पाहिला. मुलगी सासरी गेली म्हणून त्या आईचं अभिनंदन करायला आल्या, आणि आईने त्यांना पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. अण्णांशी ती कामापुरतं बोलायची. पोळी वाढू का, दूध आलं का, एवढंच.

उन्हाळ्यात, लूच्या गरम झळा वाहायला लागल्या तेव्हा, ग्वाल्हेरहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने ताई आजारी असल्याचं सांगितलं. ताप उतरत नाही, डोकं धरून पडलेली असते. अण्णा कचेरीत होते. आईने पायात चपला घातल्या, मला चाचींच्या घरी बसवलं आणि एकटी स्टेशनवर गेली. दुसऱ्या दिवशी ती ताईला घेऊनच आली. दोन हमालांनी तिला टांग्यातून उतरवलं. तिने मला ओळखलं, पण उजेड सहन होत नव्हता म्हणून डोळे लगेच मिटून घेतले. डॉक्टर म्हणाले, कानातला पू मेंदूपर्यंत गेला आहे, आधी आणायला हवं होतं. आम्ही खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले, त्यांवर पाणी शिंपडत राहिलो. मान ताठली तेव्हा ती कण्हायची, आणि आई तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलत राहायची. काय बोलत होती ते तिने मला कधीच सांगितलं नाही. आठवडाही गेला नाही. एका दुपारी ताई गेली.

तेराव्याला वसंतराव आले, काकासाहेबांबरोबर. डोक्याचे केस काढलेले, चेहरा सुजलेला. गल्लीच्या तोंडापासूनच ते मोठमोठ्याने रडत येत होते. लोक दारांत, गच्च्यांवर आले. कुणीतरी त्यांना धरलं, कुणी पाणी दिलं. बायका डोळ्यांना पदर लावून म्हणत होत्या, किती प्रेम होतं बघा. ते आमच्या पायरीपाशी आले आणि खाली बसून त्यांनी पायरीवर डोकं टेकलं.

आई दारात आली. हाताला पुरण लागलेलं होतं. तिने उंबऱ्यात उभी राहून चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात टेकले आणि हिंदीत बोलली, सगळ्यांना कळेल असं, आपल्या त्या अडखळत्या हिंदीत. "ये आदमी अंदर नहीं आएगा। इसने मेरी लड़की को कान पर मारा। कान सड़ गया। उससे वो मर गई।"

काकासाहेब पुढे झाले, "विहीणबाई, दुःखाच्या भरात..." आणि लोकांकडे वळून हात जोडून म्हणाले, "माँ का दिल है, समझिए।" लोकांनी माना डोलावल्या. चाची पुढे येऊन आईच्या खांद्यावर हात ठेवू लागल्या, तिला आत न्यावं म्हणून. मला दिसत होतं, आणखी थोड्या वेळाने सगळे मिळून आईची समजूत घालतील आणि वसंतरावांना उठवून आत आणतील.

तेवढ्यात अण्णा आतून आले. अंगावर पंचा, हातात दर्भाची अंगठी तशीच. सगळ्यांना वाटलं, आता हे बाईला आवरतील. ते आईच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "जो ये कह रही हैं, सच है। मुझे मालूम था।"

वसंतराव रडायचे थांबले. काकासाहेबांनी त्यांना दंडाला धरून उठवलं, आणि दोघे आल्या वाटेने निघाले. त्यांना वाट देण्यासाठी लोक बाजूला झाले, पण कुणी त्यांच्याबरोबर गेलं नाही. आईने अण्णांकडे एकदाही पाहिलं नाही. ती आत निघून गेली. चाची मात्र तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी अण्णांना विचारलं, अगदी हळू, जणू त्यांना नीट समजलं नव्हतं, "मालूम था, और आपने भेज दी?"

"हाँ," अण्णा म्हणाले. "भेज दी।"